पाऊण फेरा

शेषराव ठमक्यानं मला कामावर ठेवलं
ते माझं मनगट मोजून.
अंगठा आणि मधलं बोट, त्यांची कडी केली,
मनगटाभोवती फिरवली,
तरी आत अजून एक बोट मावेल एवढी जागा उरली.
"जमते," म्हणाला. नाव नंतर विचारलं.

वणीहून घुग्घुसकडे जाणारा रोड, त्यावर आमचं टिन.
पुढं कोळशाच्या गाड्या, मागं पऱ्हाटीचं वावर.
बोंडं सकाळी पांढरी फुटायची,
दुपारपर्यंत काळी.

त्या गाड्यांचा ऑइल फिल्टर ज्यानं काढला कागदावर
त्याला हात नसावेत.
किंवा आधी फिल्टर टांगला असेल हवेत
आणि मग भोवती गाडी बांधली.
इकडे चेसिस, तिकडे स्टेअरिंगचा डबा,
वरून सायलेन्सरचा पाइप, तापलेला,
मधे चार बोटांची फट.
पान्हा जात नव्हता, डोकं जात नव्हतं,
बॅटरीचा उजेडही अर्ध्यातून परत यायचा.
शेषरावचा पंजा तर फावडं.
मी जात होतो.

"डोये मीट. डोये काही कामाचे नाहीत तिथं.
बोटाईनं पाह्य."

जुना फिल्टर सुटला की कढत तेल
मनगटावरून थेट काखेत.
नव्याच्या रबरी कड्याला बोटभर तेल लावायचं
आणि न्यायचा आत, आडवा, उभा, पुन्हा आडवा,
झोपलेलं लेकरू मच्छरदाणीत न्यावं तसा.

"आंदी उलटा फिरव."
काहून उलटा? बसवायचा आहे ना?
"उलटा फिरव म्हणतो ना लेका.
आट्यात आटा पडते तवा टक करते.
कानाले नाही आयकू येत, हाताले येते.
मंग सुलटा. रबर टेकलं का पाऊण फेरा.
कमी नाही, जास्ती नाही."

एकदा जुनं कडं वरच चिकटून राहिलं.
मी बोट फिरवून पाहिलं नव्हतं.
त्यावरच नवं बसवलं.
इकरामची गाडी नदीच्या पुलाआधी बंद पडली,
आणि आमच्या टिनापासून तिथवर
रोडवर एक काळी रेघ.
शेषराव मला घेऊन त्या रेघेवरून चालत गेला,
भर उन्हात, एक शब्द न बोलता.
पोचल्यावर इकरामनंच आम्हाला पाणी पाजलं.

मग एका दिवाळीनंतर हात अडकला,
अंगठ्याच्या बुडाशी.
साबण लावला. ग्रीस लावलं.
शेषरावनं आपली ती कडी पुन्हा करून पाहिली,
बोटं एकमेकांना टेकेनात.
"झाला तू मिस्त्री," म्हणाला,
आणि बारा रुपयांनी मजुरी वाढवली.
घरी आईला रुपये सांगितले.
हाताचं नाही सांगितलं.

आता शेषराव नाही. टिन तेच.
माझ्या कोपराखाली त्या पाइपाचा डाग आहे,
लांबट, बिनकेसाचा.
परवा एक बाई आली, पोराला पुढं करून.
"शाळेत मन नाही लागत याचं. ठेवता का?"
पोरगं काडीसारखं. शर्टाच्या बाहीत हात हरवलेले.
माझी दोन बोटं आपोआप
एकमेकांकडे वळत होती.
मी हात खिशात घातला.
"शाळा सुटली का येत जा, चहा पाजतो," म्हटलं पोराला.
बाई जरा रागावूनच गेली.

आता मी पुढचं चाक उतरवतो, मडगार्ड सोडतो,
बाजूनं शिरतो.
दीड तास जास्ती लागतो.
ड्रायव्हर शिव्या देतात. देऊ द्या.

रात्रीचे अकरा.
गाडी चालू केली आहे, खाली पुठ्ठा सरकवला आहे,
आणि मी उकिडवा बसून पाहतो आहे.
ड्रायव्हर हॉर्न मारतो, निघू का?
पुठ्ठा कोरडा.
थांब म्हटलं त्याला.
तेल तापू दे अजून.