विशेषणं

तेर्सेरा बेटावर नोव्हेंबरात ऊन पडत नाही,
आज पडलं.
लाजेशच्या तळावर हँगरसमोर खुर्च्या मांडल्या,
बँडवाल्यांनी पितळ पुसून घेतलं,
कुंपणापलीकडच्या गायी माना वर करून बघू लागल्या,
आणि लिस्बनहून आलेल्या जनरलसाहेबांनी
कागद उघडून वाचायला घेतलं:
अतुलनीय. निर्भय. असामान्य.

मी रांगेत तिसरा.
मी होइस्टवाला,
म्हणजे जो उघड्या दारात पालथा पडतो
आणि ज्याच्या हातमोज्यातून तार खाली सरकते.
पाच मिलिमीटरची तार. तिच्या टोकाला माणूस.
त्या रात्री टोकाला आमांदिउ होता,
ज्याला विहिरीत वाकून बघायचीही भीती वाटते,
हे कागदात नव्हतं.

त्या रात्री विशेषणं नव्हती.
पोटाखालचं पायलटला दिसत नाही.
कॅप्टन लेओनोर समोरच्या काळोखाकडे बघत बसलेली,
आणि दहा टनांचं यंत्र
माझ्या आवाजावर तोललेलं:
पुढे दोन. पुढे एक. थांब.
डावीकडे अर्धा. थांब. थांब.
बोट वर येतेय. येतेय.
आता.

एक तास दहा मिनिटं मी एवढंच बोललो.
आकडे, दिशा, थांब.
बालवाडीतल्या पोराला येतील तेवढेच शब्द,
आणि त्यांतला एक जरी चुकला असता
तर आमांदिउ मास्तुलावर आपटला असता
ओल्या कपड्यासारखा.

‘अकरा जीव,’ जनरलसाहेब म्हणाले,
आणि टाळ्या झाल्या.
मी अजून मोजत होतो.

बारावा झेफरीनु, पेनीशचा, बोटीवरचा आचारी.
पट्टा काखेत बसला की हात खाली दाबून ठेवायचे,
हे आमांदिउनं त्याला ओरडून सांगितलं, दोनदा,
तरी त्यानं हात वर केले.
तार धरायला,
की लाट दाखवायला,
की आभार मानायला,
ते मला वरून कळलं नाही.
मी थांब म्हणालो तेव्हा
थांबवण्यासारखं खाली काही उरलं नव्हतं.
पट्टा रिकामा वर आला,
आणि हलका, इतका हलका
की माझे हात फसले.

आई साऊं जॉर्जहून बोटीनं आली होती
चीजचा गोल गड्डा फडक्यात बांधून.
जेवताना तिनं पदक तळहातावर घेतलं,
बाजारात लसूण जोखावा तसं वरखाली केलं,
म्हणाली, ‘वजनाला काहीच नाही रे हे.’
सगळे हसले. मीही हसलो,
हसताना सूप सांडलं.

यादीत चार नावं होती.
पाचवं असायला हवं होतं इदालिना तोश्तचं,
जिनं त्या रात्री नऊ वाजता, टॉर्च दातात धरून,
गिअरबॉक्सची गळती बंद केली
आणि नोंदवहीत सही करून घरी गेली.
पण यादी हवेत गेलेल्यांची असते.
जमिनीवरच्यांना खुर्ची मिळते, तीही मागची,
आणि तीही तिनं घेतली नव्हती.

दुपारी मी हँगरमध्ये गेलो.
ती तार गोड्या पाण्यानं धूत होती,
सकाळच्या सरावाचं मीठ उतरवत.
माझ्या छातीकडे तिनं पाहिलं, हो पाहिलं,
आणि म्हणाली, ‘आलाच आहेस तर हे टोक धर.’

धरलं.
पांढऱ्या बाहीला ग्रीस लागलं
(बायको अजून घासतेय).
ती तारेवरून चिंधी फिरवत मागे सरकू लागली,
मीटरमागून मीटर, काही न बोलता,
डोळे जवळजवळ मिटलेले,
जसं कुणी आंधळं माणूस
ओळखीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवतं.

बाहेर बँडवाले ट्रकमध्ये ढोल चढवत होते.

एका जागी चिंधी अडकली.
केसाएवढा एक धागा, तुटलेला.
‘थांब,’ ती म्हणाली.

मी थांबलो.