कीट

सातबाऱ्यावर गावाचं नाव किटाळी,
बोलण्यात किटाडी.
शाळेमागच्या काळ्या उंचवट्यावर
गवतही विचार करून उगवतं.
नव्या गुरुजींना ती टेकडी वाटली होती.
पोरांनी सांगितलं, कीट आहे ते, सर,
लोखंड काढून घेतल्यावर उरलेली दगडाची मळी.

सगुणा कोवेला सातवा महिना.
तिच्या बोटाचा थेंब कागदावर घेतला,
तीस आकडे मोजले,
पट्टीवरच्या लालांशी ताडून पाहिला.
आठ आणि सहाच्या मधला कुठलासा रंग,
उन्हात पडून राहिलेल्या पळसपाकळीचा.
"किती हाय वो ताई?"
आकडा सांगितला नाही. गोळ्या दिल्या.
जेवल्यावर घे, चहासोबत नको,
शी काळी होईल, घाबरू नको.

डोमा बुढा ओट्यावरून ऐकत होता.
"लोखंड वाटून राह्यली का तू पोरी?
या गावात?"

त्याच्या आज्याच्या आज्याच्याही आधी,
गोंड राजाच्या घोड्यांना इथलेच नाल लागत तेव्हा,
इथे सतरा भट्ट्या होत्या म्हणे, कमरेइतक्या,
मातीत धानाचा कोंडा मळून लिंपलेल्या.
धावड्याचा कोळसा एक टोपली, लाल गोटे एक टोपली,
अन् भात्यांवर दोन पाय,
रात्रभर,
एकाच जागी चालत कुणी दूर जावं तसे.

लिहिलेलं काही नव्हतं.
जाळ पिवळा आहे तोवर उठायचं नाही.
निळा झाला की कोळसा वाढव.
पांढरा होऊन फुसफुसला की थांब, कान दे.
ज्याच्या भुवया शाबूत
त्याला कुणी विचारत नसे.

मग भट्टीचं पोट फोडायचे.
आधी वाहायचं कीट, काकवीसारखं,
मागून सांडशीत लोंदा,
छिद्राछिद्रांचा, ओरडायचा बाकी.
बाळंतपणच म्हणायचे त्याला.
अन् विटाळशी बाई दिसली तर भट्टी रुसते,
म्हणून त्या चार दिवसांत बाया नाल्यापलीकडे.
रक्त आणि लोखंड एकमेकांना भेटू नयेत
याची केवढी ती काळजी!
कुणाला तरी नातं ठाऊक असणार.

दर दोन-चार वर्षांनी एक वैदू यायचा,
बैलावर रिकाम्या गोण्या.
लोखंडाकडे ढुंकून पाहायचा नाही.
ढिगाचा तळ उकरायचा, तुकडा जिभेला लावून थुंकायचा.
शंभर पावसाळे खाल्लेलं कीट उत्तम,
ऐंशी चालेल, साठ नाइलाजानं,
त्याखालचं विष.
लाल तापवा, गोमूत्रात विझवा, सात वेळा,
त्रिफळ्याच्या काढ्यात घोटा,
ज्या बाईची नखं पांढरी पडली
तिला चिमूटभर, मधातून.
पायलीभर तांदूळ टाकून गोण्या भरून न्यायचा.

"इथल्या बायांना देल्लं का त्यानं?"
बुढ्यानं तंबाखू मळली. बराच वेळ मळली.
"थे काही सांगतलं नाई मले कोणी."

परतताना ढिगावरून आले.
एक तुकडा उचलला. दिसतो त्याहून जड.
एका बाजूला वाहता वाहता थिजलेल्या सुरकुत्या,
दुसऱ्या बाजूला चिकटलेली भाजकी माती,
तीत धानाच्या एका कोंड्याचा ठसा,
शिरांसकट.
वैदूच्या हिशोबानं हे आता उत्तमाच्याही पलीकडे गेलं.
पिशवीत टाकला. गोळ्यांच्या खोक्याशेजारी.
का, ते विचारू नका,
रजिस्टरमध्ये त्याला रकाना नाही.

ढीग मागल्या अंगानं कमी होत चाललाय.
ठेकेदाराचा ट्रॅक्टर रोज दोन खेपा नेतो,
नाल्यापासून गावापर्यंतच्या चिखलात ओततो,
मुरमापेक्षा स्वस्त पडतं म्हणतो.
मंगळवारी सगुणाला नेणारी गाडी येईल,
आली तर त्याच्यावरूनच.
चाकाखाली ते कसं वाजतं
ते मी ऐकलंय.
फुटत नाही.
नुसतं बाजूला सरकून बसतं.