काना-मात्रेचा फरक

मार्चपासून पगार तुकड्यातुकड्यांनी येत होता,
जुलैचा आलाच नाही.
ऑगस्टमध्ये एडिनबराहून दिवाळखोरीचे साहेब आले
आणि दोन दिवस स्टिकर चिकटवत हिंडले:
लेथवर, खुर्च्यांवर, चहाच्या किटलीवर,
न खपलेल्या एकेचाळीस अँप्लिफायरांवर.
एल्स्पेथच्या तार गुंडाळायच्या यंत्रावर चिकटवला
तेव्हा ती म्हणाली, मलाही एक लाव,
यादीत राहून जायचं.

हॉइकमधली ही इमारत आधी लोकरीची गिरणी होती.
हीटर लावला की जमिनीच्या फळ्यांतून
अजून मेंढ्यांचा वास येतो.
मागांच्या खडखडाटात आईचे कान इथंच गेले.
मला मात्र याच भिंतींनी
एकोणतीस वर्षं कानांचा पगार दिला.

काम सांगायला सोपं.
पेटीत जाण्याआधी प्रत्येक अँप्लिफायर
माझ्या खोलीत अर्धा तास वाजायचा.
नेहमीची एकच रेकॉर्ड, चेलोची,
तिसऱ्या मिनिटाला वादक हळूच श्वास घेतो.
तो ऐकू आला की मी तळाशी सही करायचो.
नऊ हजार पौंडांत गिऱ्हाईक काय विकत घेतं
ते मला विचाराल तर, तो श्वास.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी वादक श्वास घ्यायचा थांबला.
मला वाटलं, सुई झिजली.
सुई बदलली.
मग कळलं काय झिजलंय ते.
कुणाला बोललो नाही.
तिसरं मिनिट आलं की डोळे मिटायचो,
आठवणीतला श्वास त्या जागी ठेवायचो
आणि सही करायचो.

नवी मालकीण बर्गनची, बोर्गिल्ड हाउकोस.
सामन माशांच्या खाद्यात पैसा केलेला.
इमारत घेतली, कर्ज घेतलं, नाव घेतलं.
यादीत सगळ्यात महाग नावच होतं.
पहिल्या दिवशी एल्स्पेथला गुड मॉर्निंग म्हणाली,
एल्स्पेथ काही बोलली नाही,
अठराशे बारा वेढ्यांवर होती.
बाई कोट न काढता उभी राहिली,
दोन हजार चारशे होईपर्यंत.
हे मला आवडलं होतं.

गुरुवारी माझ्या खोलीत दोन अँप्लिफायर आले,
दोन्हींवर कापड.
एकात एल्स्पेथच्या हातचा ट्रान्सफॉर्मर,
दुसऱ्यात बाहेरून मागवलेला, पाचव्या हिश्शाच्या किमतीचा.
बाई म्हणाल्या, कुठला कुठला ते सांगा.
पहिला वाजला. दुसरा वाजला.
काना-मात्रेचाही फरक नव्हता.
म्हणजे, असेल. मला नव्हता.

अंदाज ठोकता आला असता,
निम्मी शक्यता माझ्याच बाजूची.
पण दाराच्या काचेतून एल्स्पेथचं यंत्र दिसत होतं,
त्याच्यावरचा तो पिवळा स्टिकर.
मी म्हणालो, मला ऐकू येत नाही.
कुठल्यात? त्यांनी विचारलं.
पाच वर्षं, मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत.
नुसता हीटर बंद केला, तो गुणगुणत होता
(तेही मला कळलं नव्हतं)
आणि एल्स्पेथला बोलावलं.

एकतीस वर्षांत ती या खोलीत कधी बसली नव्हती.
खुर्चीच्या कडेवर टेकली, हात ॲप्रनखाली.
मी काहीच सांगितलं नाही, श्वासाचंही नाही.
दोन्ही ऐकून झाल्यावर म्हणाली,
दोन्हींत तो माणूस दम घेतो.
पहिल्यात जरा घाईनं.
आणि मग, बघत माझ्याकडे,
माझा कुठला ते मला नका सांगू.

बाईंनी कापडं काढली नाहीत.
वहीत काहीतरी लिहिलं, नॉर्वेजियनमध्ये.

आज सोमवार. किटलीवरचा स्टिकर निघालाय,
गोंद राहिलाय, एल्स्पेथ नखानं खरवडतेय.
पेट्या भरायला माणूस लागतो म्हणून मी आहे.
माझ्या खोलीचं दार बंद आहे,
आत काहीतरी वाजतंय,
फळीवर तळवा ठेवला की कळतं.