मिशीतून पाणी येतं

सदरच्या त्या दुकानात पुढे सगळ्या बॅटी,
कॅरमची पावडर, शटलचे डबे,
आणि पार मागे, ट्रेडमिलच्या आडोशाला
समुद्राचा एक कोपरा:
चार मास्क, दोन जोड फिन्स,
खुंटीला टांगलेला काळा वेटसूट,
कुणीतरी आत्ताच त्यातून निसटून गेल्यासारखा.

बाहेर सेहेचाळीस.

अठ्ठावीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले मी.
महाल, इतवारी, नंदनवन,
फरशी उचलायची, टॉर्च मारायचा,
कुत्र्याला चुचकारत आकडा लिहायचा.
पाणी म्हणजे काचेमागचे पाच आकडे.
मार्चात रिटायर झालो
आणि आता काचेच्या त्या बाजूला जायचंय.

देवाजी डेकाटे म्हणतो,
"काऊन बे, तुले अंबाझरी पुरत नाही का?"
झिरो माइलच्या दगडाला पाठ लावून
कुठल्याही दिशेला तोंड करा,
समुद्र रात्रभराच्या गाडीच्या अलीकडे सापडत नाही.
म्हणूनच असेल.

दुकानातली अल्पना वासनिक
मालवणला दोन सीझन राहून आलेली.
नळ्यानळ्यांचं ते जड जाकीट मी उचललं तर
हातातून काढून घेतलं तिनं.
"हे तिथं भाड्यानं मिळते काका.
श्वास तिथला घ्या. चेहरा तेवढा घरून न्या."

नऊ हजाराचा निळा मास्क मी बोटानं दाखवला.
"महाग आहे तो. तुमचा आहे का, ते पाहू.
पट्टा सोडा. नुसता टेकवा.
नाकानं आत ओढा. आता हात काढा."

निळा पडला.
दुसरा पडायच्या आधीच पडला.
तिसरा, साधा, काळा, एकोणीसशेचा,
लटकून राहिला तोंडावर.
कशानं? माझ्याच अडकलेल्या श्वासानं.
मी हलेना. कॅरमवाला गिऱ्हाईक बघत उभा.
मग नाकाखालून बारीक फुस्स.

"मिशी आडवी येते ना तुमची."

नोकरीच्या पहिल्या ओळखपत्रावर आहे ती,
शेवटच्याही.
"नाकाखालची एक ओळ भादरा फक्त,"
अल्पना हळूच म्हणाली, "बाकीची राहू द्या."

फिन्स घालून उलटा चाललो दुकानभर,
कारण सरळ चाललो तर पडतो.
आणि कोपऱ्यात ट्रेमध्ये शिशाचे ठोकळे,
एकेक किलोचे, बिनचेहऱ्याचे.
"हे कायले?"
"खाली जायला. माणूस तरंगते काका."

गांधीसागरातून वर काढलेली माणसं पाहिलीत मी,
ड्यूटीवर जाता जाता, गर्दीच्या खांद्यावरून.
कुणाच्याच कमरेला काही नव्हतं.
हे तिला सांगितलं नाही.
पैसे मोजले. काळा मास्क पिशवीत. फिन्स पुढच्या महिन्यात.

संध्याकाळी गच्चीवर सिंटेक्सचं झाकण उघडलं.
पाणी चहासारखं तापलेलं.
मास्क लावला, श्वास ओढला, डोकं आत घातलं.

काळोख. मग हळूहळू हिरवट उजेड,
फ्लोटचा गोळा, पितळी दांडी,
आणि कानात माझंच रक्त.
घरांमधून पाण्याचे आकडे उतरवून घेतले एवढी वर्षं,
त्याला आतून भेटलो ते आत्ता.
मिशीतून एक गार नव्हे, कोमट धार
नाकापर्यंत आली. अल्पना खरं बोलली होती.

खालून सुशीलाचा आवाज, भांड्यांवरून:
"अहो, नळाले गढूळ पाणी काऊन येऊन राहिलं?"

तळाशी काहीतरी चमकत होतं.
चमचा. स्टीलचा. आमच्याच सेटमधला,
सहा होते, पाच उरले होते, भांडण झालं होतं.
टाकीत कसा गेला देव जाणे.

हात घातला, खांदा घातला,
अर्धा मी आत गेलो
आणि पाण्यानं मला अलगद वर ढकललं.

पुन्हा घातला. पुन्हा वर.

शिसं लागेल.