इतर हक्क

तलाठी कार्यालयात, पंख्याखाली फडफडणारी
सातबाऱ्याची प्रत अंगठ्याने दाबून
मी पास्कूमावशीला वाचून दाखवते :
भोगवटादार इनास. खाली दुबईचा धाकटा दीर.
तिचं नाव पार खाली,
'इतर हक्क' म्हणतात त्या रकान्यात,
विहीर आणि सोसायटीचा बोजा
यांच्या मधोमध.
"बोज्याशेजारी बसवलंय होय," ती म्हणते,
"चला, ओळखीचं कुणीतरी आहे."

ठिबकच्या अर्जावर सही इनासची लागते.
इनास मीरा रोडला.
मनोरीच्या शेतात येतो तो खुरसाच्या सणाला,
तेही बूट न काढता.

चार वर्षं झाली, मावशीने राब भाजला नाही.
जाळायचा तो पाला वाफ्यावर अंथरला.
धूर दिसेना, तर शेजारीण बघायला आली,
बरी आहेस ना गं?
खाडी बांध ओलांडून आत आली त्या साली
हिच्या तुकड्यात रात्याचं भात उभं होतं.
बी नणंदेकडचं, तिच्याकडे तिच्या सासूचं.
त्याची नोंद कुठेच नाही.

पण झाड नको, असा निरोप.
भात लाव, मिरची लाव,
वर्षात उपटता येईल ते काहीही लाव.
झाड लावलं की बाई म्हणणार, माझं.

मावशीने मान डोलावली.
"दुधीच्या मांडवाला मेढी तरी लागतील?"
मेढी चालतील.

तिने आणल्या गिरिपुष्पाच्या फांद्या,
मनगटाएवढ्या, बुडाशी तिरक्या छाटलेल्या,
बघणाऱ्याला नुसतं सरपण.
बांधावर ओळीने एकवीस.

मोतमावलीच्या जत्रेपर्यंत वेल वर चढला
आणि मेढींना पानं फुटली.

इनास आला. बोटाने मोजत गेला,
सतराव्या मेढीशी चुकला, पुन्हा पहिल्यापासून.
"ही झाडं आहेत."
"मेढी आहेत," मावशी म्हणाली,
"दुधी लोंबतायत, दिसत नाहीत?"
जाताना दोन घेऊन गेला. कोवळ्या बघून.

संध्याकाळी मी फोनवर पीक पाहणी भरते.
नाव इनासचं, बोट माझं, चिखल मावशीचा.
बांधावरची झाडं किती, फोन विचारतो.
मी तिच्याकडे बघते.
ती पायाने माती दाबून बघतेय,
गेल्या वर्षीचा पाला कुठवर मुरला ते.
"शून्य लिही," म्हणते.
"आणि उद्या तरीने येताना
मालवणीतून माझी कोयती आण.
धार लावायला टाकलीय.
मेढी फार वाढल्यात."