दोन होकार

खिळे वडिलांनी जुळवले. मी खणभागातल्या
छापखान्यात आलो तेव्हा पेटी मोडीत गेली होती.
पत्रिका मात्र त्याच: चि. सौ. कां., कृपया आहेर आणू नये,
आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या मशीनवर उघडला
की नवऱ्यामुलाच्या नावाचा चिखल.

म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘खिळा’.
जुनी अक्षरं आत, युनिकोड बाहेर.
उघड्यावर ठेवला. कुणीही न्या, कुणीही सुधारा.
येणार होतं कोण?

आले.
जतची शिवलीला बिरादार.
टोकियोतला एक गृहस्थ, ज्याला मराठी येत नाही
पण रफार कुठे बसतो ते माझ्याआधी कळलं.
‘कासव७१’ नावाचं कुणीतरी. चेहरा कधी पाहिला नाही.
सगळ्यांचे बदल माझ्या एकट्याच्या दारात.
रात्री अकराला शटर ओढून
भडंगाची पुडी फोडायची
आणि परक्यांच्या ओळी वाचत बसायचं, हो, नाही, हो, उद्या.
एकानं लिहिलं, तीन महिने झाले,
फुकट देता म्हणजे उपकार करता का?
उत्तर टाईप केलं. पुसलं.

मग पूर.
पाणी ओसरल्यावर हार्डडिस्कमधून गाळ निघाला.
वाटलं, संपला खिळा.
पण ज्यानं ज्यानं नेला होता त्याच्याकडे तो अख्खा होता,
पहिल्या दिवसापासूनच्या माझ्या चुकांसकट.
शिवलीलानं परत पाठवला. जतहून,
जिथे त्या आठवड्यातही टँकर यायचा होता.

माझं म्हणून यात उरलं काय?
चावी.

तेव्हा नियम लिहिले.
दोघांच्या होकाराशिवाय कुठलाही बदल आत जाणार नाही.
नकार द्यायचा तर कारण द्यायचं,
नावं ठेवायची ती ओळीला, माणसाला नाही.
वर्षभर जो फिरकला नाही त्याची चावी परत. राग नाही, आभार.
कासव७१ नं विचारलं, हे तुम्हालाही लागू?
मी लिहिलं, अर्थात.
अर्थात लिहायला काय जातं.

कवठेमहांकाळच्या प्रेसवाल्याचा फोन आला रात्री एकला.
देवळाच्या भंडाऱ्याची पत्रिका, त्यात
‘आचाऱ्यांचा सत्कार’ होता, छापलं ‘आचार्यांचा’.
स्वयंपाकी रुसलेत, म्हणाला, आणि शाल मठातल्या
महाराजांच्या खांद्यावर गेली.
एक ओळ तर होती. बदलली.
विचारायचं कुणाला, सगळं जग झोपलेलं,
(टोकियोत पहाट होती, हे आठवलं नाही असं नाही.)

सकाळी सूर्य उगवला तो ‘सूऱ्य’ होऊन.
कुठल्या कुठल्या गावात
शुभकाऱ्याची आमंत्रणं निघाली.

मी उठायच्या आत शिवलीलानं माझा बदल मागे घेतला होता.
कारण एवढंच: दोन होकार नव्हते.
एकोणीस वर्षांची पोर, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
मी ज्या वर्षी छापखान्यात बसलो तेव्हा ही जन्मलीही नव्हती!
हे मी बायकोला दोनदा सांगितलं.
ती म्हणाली, मग?

तरातरा आयर्विन पुलापर्यंत चालत गेलो.
खांबावरची फुटांची पट्टी बघत उभा राहिलो.
पाणी किती चढलं ते पाणी सांगत नाही.
मागून कुणीतरी हॉर्न मारला. परत आलो.

ओळ पुन्हा लिहिली. सोबत तपासणीसाठी शब्द जोडले:
सूर्य, आचारी, आचाऱ्यांचा, दऱ्या, दर्या, कार्य.
टोकियोचा होकार त्याच दिवशी.
दुसरा शिवलीलाचा यायचाय. तिची परीक्षा चालू आहे,
आज चौथा दिवस.

प्रेसवाला फोनवर चिडलाय:
अहो, मालक तुम्हीच ना त्याचे?
नाही, म्हणालो. मी रांगेत आहे.