शेततळ्याच्या काठावरची वही

फेगडे मॅडमनी वही दिली तेव्हा एवढंच म्हणाल्या,
सुभानभाऊ, ऐकू येईल ते लिहा,
नाही आलं तर शून्य लिहा.
जागा कोरी सोडू नका.

सावद्याच्या पुढे, सुकी नदीच्या अलीकडे
अकरा हजार केळीखोडांचा मी रात्रीचा वॉलमन.
लाईट साडेबाराला येते.
मोटार टाकतो, वॉल फिरवतो
आणि नळ्या भरेस्तोवर कान देऊन उभा राहतो.

वॉलचा खड्डा: एक.
भर वैशाखातही एक.
ठिबकच्या गळतीवर पोसलेला, नखाएवढा,
ऋतूच माहीत नाही त्याला.
कधीही ओरडतो.
उत्तर द्यायला कोणी नाही.

पॅकिंग शेडचा दिवा: एकतीस.
सगळे भेक, चामखिळीचे, जाडजूड,
पंगतीला बसल्यासारखे दिव्याखाली.
वरून किडा पडतो, जीभ बाहेर येते.
मागच्या साली सातच होते.
मी खूश होऊन सांगायला गेलो
तर मॅडम म्हणाल्या, बाकीचे कुठे आहेत?

नाला: शून्य.
पोकलेननं तो सरळ केला, खोल केला,
पाणी थांबलं, खरंच थांबलं,
विहिरींना उतरलं, खोटं कशाला बोलू.
पण काठ भिंतीसारखे उभे.
पिवळेजर्द ढोले बेडूक इथे उथळात बसायचे,
गाल फुगवून, रात्रभर.
उथळच राहिलं नाही.
शून्य. शून्य. पुढच्या पानावरही शून्य.
हात दुखतो इतका सोपा आकडा लिहिताना.

शेततळं: हे कसं लिहू?
काळ्या प्लास्टिकचा उतार, तेल लावल्यागत.
आत उडी सोपी.
तीन रात्री आवाज येतो, भरपूर येतो,
चौथ्या सकाळी पांढरी पोटं.
आवाज मोजू की पोटं?
मी केळीच्या सोपटाचा दोर वळला,
वितीवितीवर गाठी मारल्या, आत सोडला.
पहिल्या रात्री त्यावरून दिवड उतरली.
पोटभर खाऊन त्यावरूनच वर आली.
शेठ हसले. मीही हसलो थोडा.
दोर काढला नाही.
पाचव्या रात्री तिसऱ्या गाठीवर
काहीतरी ओलं, धापा टाकत बसलेलं बॅटरीत दिसलं.
मी बॅटरी विझवली.
वर आलं की परत पडलं, माहीत नाही.

आणि काल घड उतरवताना
फण्यांच्या बेचक्यात एक झाडबेडूक,
डोळे मिटून, पाय पोटाशी,
कोणी हाक मारू नये असा.
हात पुढे करेपर्यंत
घड ट्रकमध्ये, ट्रक दिल्लीच्या वाटेला.

मॅडम, त्याच्यासाठी रकाना नाही.
समासात लिहिलंय.
एक. गेला.